मुलांना इमॅजिका, आजीला उन्हेरे : मुक्कामाचे हॉटेल निवडताना

सुट्टी जवळ आली की शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावातही सहलीच्या बेतांना ऊत येतो. मुलांना खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील उंच पाळणे खुणावत असतात. गुडघ्यांनी जेरीस आलेल्या आजी-आजोबांना मात्र कोणीतरी सांगितलेले असते, की गरम पाण्याच्या झऱ्यात न्हाल्याने सांधे मोकळे होतात. मग दोन्ही इच्छा एकाच मुक्कामात पुऱ्या व्हाव्यात म्हणून हॉटेलांच्या जाहिराती चाळल्या जातात. ‘थीम पार्कच्या सान्निध्यात, हॉट स्प्रिंग स्नानासह रिसॉर्ट’ अशी एखादी ओळ दिसली, की घरातील दोन पिढ्यांचे एकमत होते आणि आगाऊ रक्कम भरली जाते.

सिंदफणेच्या काठच्या या गावाहून खोपोलीचे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. वर्षा-दोन वर्षांतून एकदा घडणारी सहल, सहा-सात माणसांचे कुटुंब, भाड्याची गाडी आणि मोजून ठेवलेले पैसे, अशा वेळी ‘हॉट स्प्रिंग’ म्हणजे बॉयलरने तापवलेला निळ्या फरशीचा तलाव निघाला, तर नुसता विरस होत नाही. ज्यांच्यासाठी एवढा प्रवास केला, ती वडीलधारी माणसे दोन दिवस खोलीतच बसून राहतात. म्हणून हॉटेलचे तारे मोजण्यापूर्वी, पाणी कुठले आणि ते कोणाला मानवणार, याची चौकशी आधी करावी.

नावातच ऊन

महाराष्ट्रातील तप्त झऱ्यांची गावे त्यांच्या नावांवरून ओळखता येतात. पालीजवळचे उन्हेरे, खेड-दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील उनकेश्वर, या सगळ्यांच्या मुळाशी ‘ऊन पाणी’ हाच शब्द आहे. संस्कृत ‘उष्ण’चे ते मराठी रूप. शिरूरच्या घरांत आजही बंबातले पाणी ‘ऊन’ झाले का, असे विचारले जाते. कोकणात तो बंब जमिनीच्या पोटातच आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याला, किनाऱ्याशी समांतर अशा पट्ट्यात ठाणे-पालघरपासून रत्नागिरीपर्यंत अशा झऱ्यांची सुमारे दीड डझन ठिकाणे आहेत. जवळपास जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकातील खोल भेगांतून खाली झिरपते, खोलीबरोबर तापत जाते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. साधारणपणे दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते, असा भूशास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. बीड जिल्ह्याची जमीनही त्याच काळ्या बेसाल्टची. परंतु कोकणाच्या पट्ट्यात खडकाला पडलेल्या भेगांची जी लांबच लांब रांग आहे, ती तिथल्या झऱ्यांना वर येण्याची वाट देते. मराठवाड्याच्या वाट्याला आलेले उनकेश्वर तर पैनगंगेच्या काठी, विदर्भाच्या उंबरठ्यावर आहे. तेथे स्नान होते, दर्शन होते. मुलांचे उद्यान मात्र आसपास नाही.

झरा आणि मोठे मनोरंजन उद्यान एकाच सहलीत बसेल, अशी राज्यातील सर्वांत सोयीची जोडी इमॅजिका आणि उन्हेरे हीच म्हणावी लागेल. इमॅजिका रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्जने ते एप्रिल २०१३ मध्ये सुरू केले. पुढच्याच वर्षी त्याला जलउद्यानाची जोड मिळाली आणि २०१५ मध्ये लगतच हॉटेल ‘नोवोटेल’ या नावाने उघडले. २०२२ मध्ये कंपनीची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली; शिर्डीचे ‘साईतीर्थ’ हे भक्तिपर थीम पार्कही याच समूहाचे. उद्यानापासून त्याच रस्त्याने पुढे अर्ध्या-पाऊण तासात पाली येते. तेथील बल्लाळेश्वर अष्टविनायकांपैकी एक. पालीहून तीन किलोमीटरवर उन्हेरे.

म्हणजे उद्यान एका टोकाला आणि झरा दुसऱ्या. उद्यानाच्या कुंपणाला लागून तप्त झरा नाही. त्यामुळे उद्यानाजवळचे एखादे हॉटेल ‘नैसर्गिक गरम पाणी’ देण्याचे सांगत असेल, तर पहिला प्रश्न त्या पाण्याच्या प्रवासाचा विचारावा. झऱ्याचे पाणी नळाने काही किलोमीटर आणले तर वाटेत निवते, मग ते पुन्हा तापवावे लागते. टँकरने आणले तर त्याहून अधिक.

पाणी कुठले, हे कसे ओळखावे

या बाबतीत जपानकडून शिकण्यासारखे आहे. झऱ्याच्या स्नानाला त्या देशात ‘ओनसेन’ म्हणतात आणि त्यासाठी १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे. उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सियस असावे किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा त्यात पुरेशा प्रमाणात असावा, तरच त्याला ओनसेन म्हणता येते. थीम पार्क आणि ओनसेन हॉटेल यांची जोडी तेथे रूढ आहे. फूजी पर्वताच्या पायथ्याच्या फूजी-क्यू हायलँड या पाळण्यांच्या उद्यानालगत हॉटेलही आहे आणि झऱ्याचे स्नानगृहही. टोकियोच्या डिस्नेलँडजवळ, माइहामा भागातही असे हॉटेल आहे. असे असूनही २००४ मध्ये नागानो प्रांतातील शिराहोने या नामांकित ठिकाणी पाण्याचा प्रसिद्ध दुधी रंग टिकवण्यासाठी चक्क स्नानाची पूड मिसळली जात असल्याचे उघड झाले. देशभर गहजब उडाला. त्यानंतर २००५ पासून प्रत्येक ओनसेनला पाण्याची चार गुपिते फलकावर लिहिणे बंधनकारक झाले : साधे पाणी मिसळले आहे का, कृत्रिमरीत्या तापवले आहे का, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवले जाते का, आणि निर्जंतुक करण्यासाठी किंवा स्नानासाठी त्यात काही टाकले आहे का.

आपल्याकडे असा फलक लावण्याची रीत नाही. म्हणून हेच चार प्रश्न ग्राहकाने दूरध्वनीवर विचारावेत आणि उत्तरे ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागावीत. ‘हॉट स्प्रिंग’, ‘मिनरल बाथ’, ‘जाकुझी’ आणि ‘हीटेड पूल’ या चार शब्दांचे अर्थ चार आहेत. जाहिरातीत ते बेमालूम एकमेकांच्या जागी येतात. जाकुझी म्हणजे हवेच्या झोताने बुडबुडे काढणारी टाकी. तिच्यात आनंद आहेच, पण झऱ्याशी तिचा संबंध नाही. उत्तर देणारा माणूस ‘साहेब, पाणी गरमच असते’ एवढेच म्हणून विषय संपवू लागला, तर ते बॉयलरचे समजून चालावे. लेखी दिलेले पाळले गेले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बॉयलरचे पाणी वाईट असते, असे मात्र नव्हे. थकलेल्या स्नायूंना ऊब कळते, ती कुठून आली हे कळत नाही. नियमित तपासले जाणारे, क्लोरिनची योग्य मात्रा राखलेले तापवलेले पाणी हे अस्वच्छ झऱ्यापेक्षा केव्हाही बरे. प्रश्न एवढाच, की नैसर्गिक झरा म्हणून जादा पैसे घेतले जात असतील तर झरा असला पाहिजे.

उन्हेऱ्याला काय मिळते

उन्हेऱ्याचे स्नान हे हॉटेलातले स्नान नव्हे, ही गोष्ट घरातून निघतानाच सर्वांना सांगून ठेवावी. विठ्ठलमंदिराच्या परिसरातील ही बांधीव कुंडे सार्वजनिक आहेत. पांढरे टॉवेल आणि सुगंधी तेलाच्या बाटल्या येथे नाहीत. सुट्टीच्या दिवशी आणि बल्लाळेश्वराच्या यात्राकाळात गर्दी होते. पाण्याची आणि परिसराची स्वच्छता तेव्हा मनासारखी असेलच असे नाही. पहाटे गेल्यास अनुभव वेगळा असतो. हिवाळ्यात तर कुंडावर वाफ तरंगत असते.

मात्र एका बाबतीत हे कुंड कोणत्याही तारांकित हॉटेलवर मात करते. हॉटेलच्या तलावात आणि जलउद्यानात नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत, कारण सुताचे धागे गाळणीत अडकतात. शिरूर-पाथर्डी भागातील लुगडे नेसणाऱ्या आजीबाईंना त्यामुळे महागड्या रिसॉर्टचा तलाव काठावरूनच पाहावा लागतो. उन्हेऱ्याला स्त्री-पुरुषांच्या स्नानाची सोय वेगळी आहे आणि अंगावरच्या साडीनिशी पाण्यात बसता येते. आजीसाठी म्हणून जे हॉटेल घ्यायचे, त्याचा विचार करताना हा मुद्दा खोलीच्या सजावटीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

कुंडात साबण, शाम्पू वापरू नये. पाण्यात गंधकाचा अंश असेल तर चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. म्हणून पैंजण आणि जोडवी आधीच काढून ठेवावीत.

कोणी उतरू नये

गरम पाण्याच्या स्नानाने गुडघ्यांच्या संधिवातात काही काळ वेदना आणि आखडलेपणा कमी होतो, असे काही वैद्यकीय अभ्यासांत दिसले आहे. हे अभ्यास बहुधा लहान आहेत आणि दिलासा तात्पुरता असतो. झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही, औषधेही सुटत नाहीत. ‘सात दिवसांत गुडघा बरा’ अशी हमी देणाऱ्याचे काहीही ऐकू नये.

पाणी ४० अंश सेल्सियसपेक्षा गरम असेल तर त्यात फार वेळ बसणे निरोगी माणसालाही धोक्याचे आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो; उठताना भोवळ येऊन ओल्या पायरीवर पडण्याची भीती असते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उतरू नये. गर्भवतींनी टाळावे. लहान मुलांचे अंग लवकर तापते, त्यांना दूरच ठेवावे. मधुमेहींचा धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी भाजते आहे हे त्यांना समजतच नाही, आणि त्या भाजल्याची जखम महिनोन्महिने भरत नाही. अशांनी पाय नव्हे, कोपर बुडवून पाणी पाहावे किंवा घरच्या दुसऱ्या माणसाला पाहू द्यावे. पहिली खेप पाच-दहा मिनिटांची पुरे. स्नानाआधी आणि नंतर पाणी प्यावे; पोटभर जेवून उतरू नये.

कोमट-गरम साचलेले पाणी जंतूंनाही आवडते. जपानमधील मियाझाकी प्रांतात ह्यूगा शहराच्या एका नव्या स्नानगृहात २००२ मध्ये लिजिओनेला जंतूंची साथ पसरली आणि सात जण दगावले. फिरवून वापरलेल्या पाण्याचे निर्जंतुकीकरण ढिले पडले होते. म्हणून हॉटेलमध्ये ‘पाण्यात क्लोरिन किती वेळा तपासता’ हे विचारण्यात संकोच बाळगू नये. नोंदवही दाखवणारे हॉटेल चांगले. उघड्या गरम पाण्यात दुर्मीळ पण बहुधा प्राणघातक ठरणारा एक अमीबाही असू शकतो. तो नाकावाटे मेंदूत शिरतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अशा मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. त्याचा उपाय सोपा आहे : कुंडात बुडी मारू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये, मान वर ठेवून बसावे.

मुक्काम कुठे

तीनशे किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या कुटुंबाने एका दिवसात उद्यान आणि झरा दोन्ही उरकण्याचा हट्ट धरू नये. दोन रात्री किमान हव्यात. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचावे, दुसरा पूर्ण दिवस उद्यानाला द्यावा, तिसऱ्या दिवशी पहाटे उन्हेरे आणि मग बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन परत फिरावे.

घरात पाच-सहा वर्षांची मुले असतील तर उद्यानालगतचे हॉटेल पैसे वसूल करते. दुपारी मूल पेंगुळले की त्याला खोलीवर आणून निजवता येते. पाळण्यांसाठी उंचीची अट असते, हेही मुलांना आधी सांगावे. अट घरच्या भिंतीवरच मोजून पाहिली म्हणजे प्रवेशद्वाराशी रडारड होत नाही. थीम पार्क आणि जलउद्यान यांची तिकिटे वेगवेगळी आहेत की हॉटेलच्या पॅकेजमध्ये दोन्ही धरली आहेत, हे स्पष्ट करून घ्यावे. ज्या आजी-आजोबांना पाळण्यात बसायचेच नाही, त्यांच्या नावाचेही तिकीट पॅकेजमध्ये गुंफलेले असते.

मुले मोठी आणि वडीलधारी माणसे अधिक असतील तर दोन्ही रात्री पालीत राहणे अधिक शहाणपणाचे. उद्यान तेथून फार लांब नाही आणि कुंड तर हाकेच्या अंतरावर. पालीत देवस्थानचे भक्तनिवास आहे, साधे लॉज आहेत. बीड-पाथर्डी पट्ट्यात वारकरी घरे पुष्कळ; माळकरी आजोबांना सामिष स्वयंपाकाच्या भांड्यांतले अन्न चालत नाही. रिसॉर्टच्या ‘मल्टिक्युझिन बुफे’त त्यांची उपासमार होते, पालीच्या खाणावळीत वरणभाताला ददात पडत नाही. तळमजल्याची खोली, कमोड, न्हाणीघरात धरायला कठडा आणि निसरडी नसलेली फरशी, या चार गोष्टी मात्र कुठेही राहिले तरी छायाचित्र मागवून पाहाव्यात.

रात्रीच्या भाड्याचा आकडा पाहताना करही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. हा उंबरठा मोठा फसवा आहे. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांना. मूळ भावात फरक दोनशेचा, हातातून जातात जवळजवळ बाराशे. जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप जोडलेला असेल तर तो ऐच्छिक आहे. काढून टाका म्हणण्याचा हक्क ग्राहकाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची ही भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली.

नदीकाठच्या रिसॉर्टची छायाचित्रे फार देखणी असतात. मात्र पावसाळ्यात ती नजरेआड करावीत. खोपोली-पाली रस्त्यावरील जांभूळपाडा गावात जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने मोठी जीवितहानी झाली होती. जूनअखेर ते सप्टेंबर या काळात जायचेच असेल तर उंचावरचे हॉटेल घ्यावे आणि निघण्याच्या दिवशी पालीकडचा रस्ता खुला आहे का, हे विचारून निघावे. पर्जन्यछायेत वाढलेल्या माणसाला कोकणच्या पावसाचा अंदाज सहसा येत नाही.

मुंबईत नातेवाईक असतील तर दुसरी जोडीही आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरीचे मंदिर १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी आप्पांच्या नवसातून उभे राहिले. विरार-भिवंडी रस्त्यावर पारोळजवळ जलउद्यान आहे. कुंडांभोवती रिसॉर्ट बरेच आहेत आणि ‘हॉट स्प्रिंग’चे फलकही बरेच, वर दिलेले चार प्रश्न येथे अधिकच नेटाने विचारावेत. ज्यांना झऱ्याचा आग्रह नाही, मुलांची हौस तेवढी भागवायची आहे, त्यांना शिर्डी जवळ पडते.

कसे जावे

शिरूर कासारहून पाथर्डीमार्गे अहिल्यानगर, तेथून पुणे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने खोपोली, असा सरळ रस्ता आहे. सात-आठ तास धरून चालावे. बीड-अहिल्यानगर रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली आणि तालुक्यातील रायमोहा स्थानक त्या मार्गावर आहे. पण खोपोलीपर्यंत गाड्या बदलाव्या लागतात, वृद्धांना घेऊन ते जिकिरीचे ठरते. परतीच्या प्रवासात गाडीवाल्याला किंवा मोबाइलच्या नकाशाला नुसते ‘शिरूर’ सांगू नये. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर घोडनदीचे शिरूर लागते, आणि नकाशा दमलेल्या कुटुंबाला निम्म्या वाटेतच ‘तुम्ही पोहोचलात’ असे सांगून मोकळा होतो.